पन्नास मीटर धाव आणि मग सगळा बर्फ

मंगळवार, २४ जानेवारी २०२३ : नागपूर ते मुंबई

बॉबस्ले (बर्फाच्या पन्हळीतून बसून उतरायची घसरगाडी) आणि स्केलेटन (तीच पन्हळ पालथं पडून उतरायची) या खेळांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा यंदा स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला आहे. या खेळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९२३ साली स्थापन झाला, म्हणजे हे शताब्दीचं वर्ष. स्पर्धा ज्या ट्रॅकवर होणार तो १९०४ पासूनचा आहे. बॉबस्लेचा नैसर्गिक बर्फातला ट्रॅक जगात आता हा एकच उरलाय. बाकी सगळीकडे काँक्रीटच्या पन्हळीत नळ्या घालून यंत्राने बर्फ गोठवतात. माझा भाचा झुरिकला नोकरीला आहे. त्याने दिवाळीतच फोनवर बजावलं होतं, "मावशी, या वर्षी नाही आली तर मंग कधीच येणार नाहीस तू. काकांनाही घेऊन ये."

मी नागपुरात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि सकाळ-संध्याकाळ शंभर-दोनशे मीटर पळणाऱ्या मुलामुलींचा सराव घेते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये टीव्हीवर हा खेळ दिसला की लोक त्या घसरगाडीचा वेग बघतात. माझी नजर जाते ती गाडी ढकलत पळणाऱ्यांच्या पायांकडे. निसरड्या बर्फावर, वाकून, हातात लोखंड धरून ही माणसं इतकी जोरात पळतात कशी, हे मला जवळून बघायचं होतं. ह्यांचं कारण वेगळं. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना तिथला डोंगरी लोहमार्ग बघायचा होता.

बॅगेत लोकरी कपडे, संक्रांतीच्या तिळाच्या वड्या, भाजणीच्या चकल्या आणि भाच्याने खास सांगितलेली संत्रा बर्फी. संध्याकाळच्या विमानाने मुंबई, आणि मध्यरात्र उलटल्यावर झुरिकचं विमान.

बुधवार, २५ जानेवारी : झुरिक ते सामेदान

सकाळी झुरिकला उतरलो. भाचा विमानतळावरच उभा होता, आमच्यासाठी दोन जाड जाकिटं हातात घेऊन. "थंडीचं टेन्शन नका घेऊ काका, हे घाला अन् चला," म्हणाला आणि सरळ स्टेशनात घेऊन गेला. झुरिकहून खूरपर्यंत मोठी गाडी, तिथून पुढे लाल रंगाची छोटी गाडी.

खूरनंतरच्या दोन तासांत हे खिडकीपासून हलले नाहीत. हा मार्ग मीटर गेजचा, रुळांमधलं अंतर एक मीटर. आमच्या नागपूर-छिंदवाडा नॅरो गेजवर ह्यांनी कितीतरी वर्षं काढली, त्यामुळे छोट्या रुळांवर इतका मोठा कारभार चाललेला पाहून त्यांना भरून आलं. फिलिसुर यायच्या जरा आधी लांडवासरचा पूल लागतो. पासष्ट मीटर उंच, सहा कमानी, आणि तोही वळणावर. पूल संपतो तिथे समोर उभा कडा, आणि गाडी थेट त्या कड्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरते. पुढे बेर्ग्युन ते प्रेडा या टप्प्यात गाडी डोंगराच्या आतच गोल फिरत चारशे मीटरच्या आसपास वर चढते. तेच गाव एकदा उजवीकडे दिसतं, एकदा डावीकडे, आणि दर वेळी आणखी खाली गेलेलं. हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. "दातेरी पट्टी नाही, साखळी नाही, नुसत्या चाकांवर चढून राहिली ही गाडी," हे ह्यांनी भाच्याला पुन्हा पुन्हा सांगितलं.

प्रेडा आणि बेर्ग्युनच्या मधला मोटारींचा रस्ता हिवाळ्यात बंद करून घसरगाड्यांना मोकळा ठेवतात. गाडीतून खाली बघितलं तर आई, बाप, पोरं लाकडी स्लेजवर बसून वळणं घेत उतरत होती. खेळाचं मूळ हेच. इथली माणसं हिवाळ्यात अशीच ये-जा करायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट मॉरिट्झच्या हॉटेलांत थंडीत राहायला येणाऱ्या इंग्रज पाहुण्यांनी त्या स्लेज गावातल्या उतारांवर शर्यतीसाठी सोडल्या. रस्त्यावरच्या लोकांना धडका बसायला लागल्या, तेव्हा हॉटेलवाल्यांनीच त्यांच्यासाठी वेगळा बर्फाचा मार्ग बांधून दिला. १८९७ मध्ये इथे जगातला पहिला बॉबस्ले क्लब निघाला.

सेंट मॉरिट्झमध्ये राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. भाच्याने जवळच्या सामेदान गावात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. रात्री चुलीवर खिचडी टाकली आणि लवकर झोपलो.

गुरुवार, २६ जानेवारी : स्केलेटन, पहिल्या दोन फेऱ्या

इथे उजाडलं तेव्हा नागपुरात दुपार व्हायला आली होती. कस्तुरचंद पार्कवरच्या संचलनाचे फोटो शाळेच्या गटावर येऊन पडले होते. आम्ही तिघांनी खोलीतच उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं, जाकिटांवर छोटे तिरंगे लावले आणि निघालो.

ट्रॅक सेंट मॉरिट्झच्या वरच्या अंगाला सुरू होतो आणि खाली चेलेरिना गावाशी संपतो. लांबी १,७२२ मीटर, वरपासून खालपर्यंत उतार १३० मीटर. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला इटलीच्या दक्षिण तिरोल भागातली कारागीर मंडळी येतात आणि तीनेक आठवड्यांत बर्फ आणि पाणी एवढ्यावर हा सगळा मार्ग हातांनी उभा करतात. वसंतात तो वितळून जातो. भिंतीला हात लावून पाहिला. काचेसारखा गुळगुळीत असेल असं वाटलं होतं, पण त्यात बारीक बुडबुडे आणि फावड्याच्या कडेचे पुसट ओरखडे दिसतात. वळणांवर ऊन पडू नये म्हणून पांढरी कापडं ताणलेली असतात. काम करणारी माणसं त्या भिंतींकडे ज्या मायेने बघतात ते बघून त्यांच्याशी बोलावंसं वाटत होतं, पण ते इटालियन आणि जर्मन बोलणारे. भाच्याने एकाला विचारलं, त्याने हसून फक्त हातमोजा काढून तळवा दाखवला. सगळा घट्ट्यांनी भरलेला.

आम्ही सुरुवातीच्या जागेलगतच उभे राहिलो. माझ्यासाठी सगळ्या प्रवासाची किंमत तिथल्या पहिल्या तासातच वसूल झाली.

स्केलेटनची गाडी म्हणजे पोलादी चौकट, खाली दोन पोलादी दांड्या, ज्यांना रनर म्हणतात. ना ब्रेक, ना सुकाणू. खेळाडू पोटावर पालथा, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून काही बोटांवर. वळायचं ते खांदे आणि गुडघे दाबून, फारच लागलं तर बुटाचं टोक टेकवून. पण हे सगळं नंतरचं. आधी पळायचं. खेळाडू येतो, गाडी बर्फातल्या खाचेवर ठेवतो, एका हाताने तिची कड धरतो, कमरेत पूर्ण वाकतो. दुसरा हात मोकळा. बुटांच्या तळाला सुईसारखे शेकडो बारीक खिळे, ब्रशासारखे दाट. हिरवा दिवा लागला की ठरावीक सेकंदांत निघायचं.

आमच्याकडे शंभर मीटरला मूल ब्लॉकमधून निघतं तेव्हा पहिल्या दहा-पंधरा पावलांत पाठ हळूहळू सरळ होत जाते. मी मुलांना कायम सांगते, घाई करू नका, अंगाला आपोआप उठू द्या. इथे अंग उठतच नाही. पूर्ण धाव वाकलेलीच. एक हात अडकलेला असल्यामुळे खांद्याचा झोकाही अर्धाच. तरी पावलं कशी पडतात? कमरेच्या अगदी खाली, कधीच पुढे नाही. पाऊल जरा पुढे टाकलं तर ते रोध करतं आणि गाडी हाताला ओढते. जी मुलगी तिसऱ्या-चौथ्या पावलातच गाडीपेक्षा वेगाने पळत होती, तिच्या मांड्या बाजूला उघडत नव्हत्या, गुडघा सरळ छातीखाली येत होता. मी मोबाइलवर संथ गतीत चित्रण करत राहिले. बोटं बधिर झाली तरी हातमोजे घालायचं लक्षात राहिलं नाही.

वेळ मोजायची पद्धत मला फार आवडली. निघाल्या क्षणी घड्याळ सुरू होत नाही. पहिले पंधरा मीटर मोकळे सोडतात, तिथे किरण तुटला की घड्याळ चालू, आणि पुढच्या पन्नास मीटरचा जो वेळ तो सुरुवातीचा वेळ. साधारण पाच सेकंदांच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचं तर हे पंधरा मीटर धावत येऊन घेतलेले पन्नास मीटर, आणि हा सराव माझी मुलं आठवड्यातून दोनदा करतात! वर दशांश सेकंद गमावला तर खाली पोचेपर्यंत त्याचे जवळपास तिप्पट होतात, असं या खेळात मानतात.

एक बारीक गोष्ट. सुरुवातीच्या जागी एक अधिकारी प्रत्येक गाडीच्या रनरला तापमापक लावून बघत होता. बाहेर टांगलेल्या एका नमुना रनरपेक्षा खेळाडूचा रनर चार अंशांहून जास्त गरम भरला तर बाद. गरम पोलाद बर्फावर जास्त सरकतं, म्हणून हा नियम. ह्यांनी विचारलं, "म्हणजे कोणी गुपचूप तापवून आणलं तर पकडून राहिले ते?" भाचा म्हणाला, "हो काका, अन् मंग सरळ घरी."

फेऱ्या झाल्यावर आम्ही ट्रॅकलगतच्या पायवाटेने चेलेरिनापर्यंत चालत उतरलो. हॉर्सशू नावाचं वळण आहे, घोड्याच्या नालेसारखं पूर्ण उलट फिरवणारं. त्याची बर्फाची भिंत दुमजली घराएवढी वाटते. शरीरावर तिथे वजनाच्या चार-पाच पट भार येतो. खाली गावात बार्लीचं सूप मिळालं, आणि सोबत आम्ही पुरचुंडीतल्या चकल्या काढल्या. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी मागून घेतल्या आणि पाककृतीही विचारली.

शुक्रवार, २७ जानेवारी : एक शतांश

चारही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून विजेता ठरतो. शेवटच्या फेरीत पहिले वीसच उतरतात.

महिलांमध्ये जर्मनीची सुझाने क्रेहर पहिली आली. नेदरलँड्सची किम्बर्ली बॉस दुसरी. दोघींत फरक एका शतांश सेकंदाचा. कॅनडाची मिरेला राहनेवा तिसरी. मी कितीतरी वेळा अंतिम रेषेवर फोटो बघून निकाल दिलेत, शंभर मीटरमध्ये एक शतांश मला नवा नाही. पण इथे चार वेळा वरून खाली, जवळपास सात किलोमीटर बर्फ आणि साडेचार मिनिटांच्या आसपास वेळ, आणि तरी शेवटी एक शतांश. कुठल्या तरी एका पावलात, नाहीतर एखाद्या वळणावर पायाचं टोक केसभर टेकलं असेल, एवढ्यातच तो गेला. पडद्यावर आकडे आले तेव्हा बॉस मान हलवत उभी राहिली आणि मग जाऊन क्रेहरच्या गळ्यात पडली. माझ्या बाजूच्या डच मुलाचे डोळे भरले होते. मी त्याच्या हातात एक तिळाची वडी ठेवली.

नेदरलँड्समध्ये या खेळाचा ट्रॅकच नाही. ती सगळी सपाट भूमी. तरीही बॉसने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं होतं.

पुरुषांमध्ये ब्रिटनचा मॅट वेस्टन जिंकला, आणि मोठ्या फरकाने. इटलीचा आमेदेओ बान्यिस दुसरा, दक्षिण कोरियाचा जंग सुंग-गी तिसरा. ब्रिटनच्या पुरुषाला हे विजेतेपद २००८ नंतर प्रथमच मिळालं. आता हे ऐका : ब्रिटनमध्येही बर्फाचा ट्रॅक नाही. बाथ विद्यापीठात त्यांनी एक उतरती पट्टी केली आहे, रुळांवर चाकांची गाडी, कोरडी. तिथे खेळाडू फक्त ढकलणं आणि उडी मारून पालथं पडणं शिकतात, आणि बर्फासाठी परदेशी जातात. वेस्टन आधी तायक्वांदो खेळायचा. २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं घेणारी त्यांची लिझी यार्नल्ड आधी हेप्टाथलॉनची, म्हणजे धावणं-उड्या-फेकीच्या सात प्रकारांची खेळाडू होती, एका शोधमोहिमेत निवडली गेली. कोरियाच्या यून सुंग-बिनने हा खेळ २०१२ मध्ये हाती घेतला आणि २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

रात्री जेवताना मी हेच बोलत होते. ह्यांनी ताटातला भात कालवत म्हटलं, "तुझ्या डोक्यात काय चालू आहे ते मला समजून राहिलं. पण बर्फ कुठून आणशील?" मी म्हटलं, "अहो, पहिल्या पन्नास मीटरला बर्फ लागतच नाही. बाथला कुठे आहे बर्फ?"

भाचा म्हणाला, "शिवा केशवन आठवतो का मावशी?" आठवत नाही कसा? मनालीजवळच्या वशिष्टचा हा मुलगा १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी ल्यूजमध्ये उतरला. ल्यूज म्हणजे उताणं पडून पाय पुढे. पुढे २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक तो भारताकडून खेळला. हिमालयातल्या रस्त्यांवर चाकं लावलेल्या गाडीने ट्रक आणि मेंढ्यांच्या मधून तो सराव करायचा. भारतात तेव्हा ट्रॅक नव्हता आणि आजही नाही. त्याने हे एकट्याने केलं, याचा अभिमान वाटतो आणि त्याला एकट्याने करावं लागलं याची चीडही येते.

शनिवार, २८ जानेवारी : बॉब

आजपासून दोघांची बॉब (बॉबस्लेला इथे नुसतं बॉब म्हणतात) आणि महिलांची मोनोबॉब, म्हणजे एकटीची.

बॉब येताना आधी ऐकू येते. वरच्या जंगलातून घरघर सुरू होते, मग वळणावर ती उगवते, भिंतीवर चढते आणि मान वळेपर्यंत खालच्या झाडांत नाहीशी. वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. दोघांच्या बॉबचं माणसांसकट वजन जास्तीत जास्त ३९० किलो, चौघांचं ६३०. गर्दी गाईंच्या गळ्यातल्या मोठाल्या घंटा घेऊन येते आणि बॉब दिसली की सगळे जीव खाऊन वाजवतात. तो गजर ऐकून आम्हा दोघांनाही पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात ती वेळ आठवली.

सुरुवातीला दोघं असतात. चालक बाजूच्या दांड्याला धरून ढकलतो आणि आधी आत उडी घेतो. मागचा, ब्रेकमन, शेवटच्या क्षणापर्यंत ढकलत राहतो आणि मग धावत्या बॉबमध्ये शिरून डोकं गुडघ्यांत घालतो. खालपर्यंत त्याला काही दिसत नाही. ब्रेक नावात असला तरी तो अंतिम रेषेनंतरच लावायचा, ट्रॅकवर लावला तर बाद. म्हणजे त्याचं सगळं काम त्या पाच-सहा सेकंदांचं आहे. आणि हे काम करतं कोण? जर्मनीच्या योहानेस लोखनरच्या मागे जो गेओर्ग फ्लाइशहाउअर ढकलत होता, तो पूर्वीचा ४०० मीटर अडथळा शर्यतीचा धावपटू. ह्या बातमीने मला अख्खा दिवस ऊब दिली. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार बाय शंभर रिलेच्या सुवर्णविजेत्या संघात होती आणि २०१४ मध्ये सोचीला बॉबचं रौप्य घेऊन आली. जमैकाने १९८८ ला कॅलगरीत पहिला संघ उतरवला तोही असाच, बर्फाचा काही संबंध नसलेल्या देशातून. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापणाऱ्या नागपूरच्या मुलीला हे दार बंद आहे असं मला कोणी सांगू नये.

दुपारी जुना इतिहास बघत फिरलो. १९२८ चं हिवाळी ऑलिंपिक याच गावी झालं. तेव्हा याच ट्रॅकवर पाच जणांची बॉब होती, आणि अमेरिकेची बॉब चालवणारा बिली फिस्क अवघा सोळा वर्षांचा होता. तो जिंकला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक झाला आणि १९४० मध्ये मरण पावला. माझ्या वर्गात सोळा वर्षांची मुलं आहेत. ती कशा-कशाला पुरी पडू शकतील याचा अंदाज आपण मोठी माणसं किती कमी धरतो!

धोक्याबद्दलही लिहायलाच हवं. २०१० मध्ये व्हँकूवर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारितश्विली सरावात ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि गेला. एकवीस वर्षांचा होता. त्यामुळे कोणाच्या लेकराला उत्साहाच्या भरात उतारावर सोडायचं नाही. शिकवणारा हवा, हेल्मेट हवं, खालच्या छोट्या टप्प्यापासून वर चढत जाणं हवं. इथेही नवशिका आधी मधल्या टप्प्यावरूनच उतरतो.

रविवार, २९ जानेवारी

दोघांच्या बॉबमध्ये २०१३ ते २०२१ पर्यंत झालेल्या प्रत्येक जागतिक स्पर्धेत एकच चालक जिंकत आला होता, जर्मनीचा फ्रान्चेस्को फ्रीडरिख. लोखनर बहुतेक वेळा त्याच्या मागे. २०१७ मध्ये चौघांच्या बॉबमध्ये मात्र दोघांच्या एकूण वेळा शतांशापर्यंत सारख्या आल्या होत्या आणि दोघांनाही सुवर्ण द्यावं लागलं होतं. आज लोखनर-फ्लाइशहाउअर जोडी जिंकली. फ्रीडरिख दुसरा. तिसरे स्वित्झर्लंडचे मिखाएल फोग्ट आणि सान्द्रो मिशेल, आणि त्या वेळी जो घंटांचा गदारोळ उठला त्यात निवेदकाचा आवाजही बुडाला. मोनोबॉब जर्मनीच्या लाउरा नोल्टेने जिंकली.

फ्लाइशहाउअर बॉबमधून बाहेर आला तेव्हा मी कठड्याला रेलून होते. चौतीस वर्षांचा धावपटू, मांड्या थरथरत होत्या, आणि चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. अडथळ्यांच्या शर्यतीत त्याचं नाव मी पूर्वी कधी वाचलंही नसेल. धावण्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्या खेळाने असं परत जिवंत केलेलं मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं. नागपुरात विद्यापीठ स्पर्धा संपल्या की आमच्या कितीतरी चांगल्या मुलींचं पळणं कायमचं थांबतं. लग्न होतं, नाहीतर नोकरी. त्यांचे पाय तसेच असतात.

सोमवार, ३० जानेवारी : क्रेस्टा

निघायच्या आधी क्रेस्टा रन हा सेंट मॉरिट्झचाच दुसरा बर्फाचा मार्ग बघायचा होता. हा बॉबच्या ट्रॅकपेक्षा जुना, १८८५ च्या हिवाळ्यातला. स्केलेटनचा जन्म इथला. १९२८ आणि १९४८ ची ऑलिंपिक स्केलेटन स्पर्धा इथेच झाली. १९२८ मध्ये अमेरिकेचे हीटन भाऊ पहिले-दुसरे आले, आणि त्यातला जॉन वीस वर्षांनी, १९४८ मध्ये, पुन्हा उतरून पुन्हा दुसरा आला. इथली वळणं मोकळी आहेत. शटलकॉक नावाच्या वळणावर वेग आवरला नाही तर स्वार बाहेर गवत पसरलेल्या बर्फात जाऊन पडतो.

आणि १९२९ मध्ये क्रेस्टावर बायकांना बंदी झाली. त्याआधी त्या पुरुषांबरोबर उतरायच्या. ही बंदी २०१८ पर्यंत होती. ऑलिंपिकमध्ये महिलांची स्केलेटन आणि बॉब २००२ मध्ये आली, मोनोबॉब २०२२ मध्ये. म्हणजे शुक्रवारी एका शतांशाने हरलेली मुलगी ज्या स्पर्धेत होती, ती स्पर्धा ऑलिंपिकमध्ये माझ्या शाळेतल्या नोकरीपेक्षाही नवी. मी त्या वळणाशी उभी राहिले आणि मला राग आला. वरून एक बाई उतरत आली, पन्नाशीच्या पुढची असेल. वळण नीट घेतलं आणि गेली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या गाडीने खूर आणि मग झुरिक. ह्यांनी परतीला उलट बाजूची खिडकी घेतली. विमानात झोप नीट लागली.

नागपूर, फेब्रुवारीचा पहिला आठवडा

मुलांना चित्रफिती दाखवल्या. मोबाइलच्या भोवती सगळी गोळा झाली होती. संथ गतीतली क्रेहरची सुरुवात लावली तेव्हा दोनशे मीटर पळणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिचं पाऊल पुढे पडूनच नाही राहिलं." मी तिला हे सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चुन्याने रेषा आखल्या. पंधरा मीटर मोकळे, मग पन्नास मीटर वेळेचे. आधी नुसती धाव, मग एका हाताने गुडघ्याच्या उंचीवरची दोरी धरून वाकून धाव. दोन्हींतला फरक वहीत लिहायला लावला. ज्या मुलाचं शंभर मीटर सगळ्यात चांगलं, तो वाकल्यावर मागे पडला. गोळाफेक करणारी एक दणकट मुलगी, जिला धावण्यात आम्ही कधी धरलंच नव्हतं, ती पुढे आली.

हिंगणा एमआयडीसीतला एक वेल्डर ह्यांच्या ओळखीचा आहे. ह्यांनी स्वतः बसून त्याला आराखडा काढून दिला : दीड मीटर लांब चौकट, बेअरिंगची चार चाकं, एका कडेला गुडघ्याच्या खाली येणारी मूठ, वजन वाढवायला वाळूच्या पिशव्या अडकवायची सोय, आणि समोर जाड रबर. रुळांचं काम ह्यांनी अंगावर घेतलंय. सपाट जमिनीवर लाकडी पट्ट्यांची तीस मीटरची वाट पुरेल, असं त्यांचं म्हणणं आहे. वेल्डरने महाशिवरात्रीच्या आधी गाडी देतो म्हटलंय. शाळेने मैदानाचा मागचा भाग सकाळी सहा ते आठ वापरायला दिला, मात्र हेल्मेटशिवाय कोणी हात लावायचा नाही आणि उडी मारून झोपण्याचा भाग आत्ता नाही, ही अट मीच लिहून दिली आहे. आधी नुसतं ढकलणं.

पहिल्या सकाळी कोणी यायचं याची यादी फळ्यावर लावली होती. त्यात मुलींची नावं जास्त आहेत, आणि गोळाफेकवाल्या मुलीने स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलंय.